कॉलर

बातमी सोमवारी आली, रेडिओवर,
हवामान आणि हॉकीच्या मधल्या फटीत:
ती संघटना आजपासून यादीत.
मंत्र्यांनी नाव वाचलं,
तेव्हा आमचा तो टाळूला चिकटून सुटणारा ळ
त्यांच्या तोंडात साधा सरळ ल झाला.
तेवढं एक अक्षर
कायद्याच्या तावडीतून सुटलं म्हणायचं.

माझं दुकान स्कारबरोत, लॉन्ड्रीला लागून.
एप्रिल लागला तरी कडेला काळपट बर्फाचा ढिगारा,
कुणाचाच नसल्यासारखा.
मी फोटो काढतो. पासपोर्टचे, साखरपुड्यांचे.
मेलेल्यांचे मोठे करून देतो.

पहिले आले तवराजा, एकशेदोन नंबरची बस चालवणारे.
शटर अर्धंच वर होतं.
कोटाच्या आतून त्यांनी
वर्तमानपत्रात गुंडाळलेला भाचा काढला.
ठिपक्याठिपक्यांची वर्दी, गळ्यात काळा दोरा,
वय एकोणीस, कायमचं.
म्हणाले, याला शर्ट घाल.
कसला?
कसलाही. शाळेचा घाल.
त्याची आई रोज त्याच्यापुढे दिवा लावते,
तिला मी यादी कशी समजावू?

गुरुवारपर्यंत अकरा झाले.
माझ्याकडे चांगला शर्ट एकच,
माझ्या मुलाच्या पदवीदानाच्या फोटोतला.
तोच अकरा जणांना घातला.
कुणाची मान बारीक, कुणाचा खांदा उतरता,
एका मुलीला तर पुरुषी बटणं आली.
तिचे वडील काही बोलले नाहीत.
पैसे मोजताना बोटाला थुंकी लावत होते,
ती पुन्हापुन्हा वाळत होती.

वर्दी जाते लवकर. दोरा जात नाही.
पुसताना हात थबकतो.
त्याच्या टोकाला काय बांधलेलं असायचं
हे ज्याला ठाऊक नाही
त्याला वाटेल, आईनं ताईत घातलाय.
दोघांचा मी तसाच ठेवला.

खोटं कशाला बोलू, मीही द्यायचो.
पहिल्या रविवारी ते दोघं यायचे,
बूट दाराशी काढून, अदबीनं,
मुलीच्या परीक्षेची चौकशी करून मग वही उघडायचे.
पन्नास डॉलर.
दिले की द्यावे लागले,
हे मला बायकोनंही कधी विचारलं नाही.

शुक्रवारी पुनितवती आल्या.
त्यांच्याकडेही फोटो होता, बाईंडिंगच्या पुठ्ठ्यात.
मी सवयीनं म्हणालो, शर्ट ना?
त्या म्हणाल्या, यांना आहे शर्ट.

होता. पांढरा, इस्त्रीचा, खिशाला पेन.
हेडमास्तर.
शाळेतली मुलं न्यायला आले तेव्हा
दारात आडवे उभे राहिलेले.
दुसऱ्या दिवशी विजेच्या खांबाला सापडले,
छातीवर पुठ्ठा: द्रोही.
अक्षर वळणदार होतं, त्या म्हणाल्या,
यांच्याच हाताखाली शिकलेलं असणार.

मोठा करून द्या. सोळा वर्षं
तांदळाच्या डब्यामागे होता.
आता रविवारी कुणी यायचं नाही.

मी फोटो काचेखाली ठेवला.
काय कॉलर होती! कडक, उजेड डावीकडून,
तवराजांच्या भाच्याच्या मानेला
सुतासारखी बसली असती.
माझं बोट बटणावर होतं.
नाही उचलली.

संध्याकाळी दोघं एकदमच आले.
तवराजांनी त्यांच्यासाठी दार धरलं,
बसचं धरतात तसं, पाठीनं.
एकाच मापाची दोन तपकिरी पाकिटं,
आत दोन पांढरे शर्ट.
एक घरच्या भिंतीवरून उतरलेला, पुन्हा चढायला निघालेला,
एक पहिल्यांदाच.

द्यायच्या आधी मी आतल्या खोलीत गेलो,
दोन्ही पाकिटं उघडून पाहिली,
परत बंद केली,
आणि दाराशी येऊन
पुन्हा एकदा उघडली.